गाडी दोन सेकंद चालते आणि बंद पडते, ईसीएम बदलू का?

प्रश्न थोडक्यात:

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलंय, नाव-गाव छापू नका म्हणाल्यात. शाळा घरापासून २६ किलोमीटर, त्या रोज स्वतः गाडी चालवत जातात. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चावी फिरवून सुरू होणारी. मिस्टर पुण्यात नोकरीला, शनिवारी घरी येतात. आठ दिवसांपूर्वी गाडीने दगा दिला. सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन लागतं आणि दोन सेकंदात बंद पडतं, आणि मीटरवर गाडी-कुलुपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकत राहतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात दोनदा असंच झालं होतं, पण चावी काढून परत लावली की लागली होती. गॅरेजच्या मेस्त्रीने दुसऱ्या एका तशाच गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) काढून लावून बघितला, तरी तेच झालं, म्हणून तो म्हणतोय वायरिंग आणि ईसीएम दोन्ही गेलंय, २८ हजार लागतील. दीर म्हणतात की जिल्ह्याच्या गावाला एक जण सहा हजारात चोरी रोखणारं सिस्टिमच काढून देतो, कटकट मिटेल. मिस्टर फोनवर म्हणतात विकून टाकू. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, की दोन आठवड्यांपूर्वी चावीचं कव्हर तुटलं होतं म्हणून सासऱ्यांनी बाजारातल्या चावीवाल्याकडून ते बदलून आणलं, पण "रिमोट छान चालतो, दरवाजे उघडतात, म्हणजे चावीचा काही संबंध नसावा". दुसरी चावी मिस्टरांकडे पुण्यात आहे, पण ती बिनरिमोटची साधी आहे. "मला गाडीतलं काही कळत नाही, मी कुणाचं ऐकू?" असं त्यांनी विचारलंय.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची धावपळच डोळ्यासमोर आली, साडेसहाची एसटी, मग वडाप, मग चालत, आणि संध्याकाळी परत तेच. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की "मला गाडीतलं काही कळत नाही" असं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय आणि त्याच पत्रात किती सेकंदांनी इंजिन बंद पडतं, कुठला दिवा लुकलुकतो, आधी कितीदा असं झालं आणि तेव्हा काय केल्यावर लागली हे सगळं बारीक टिपून ठेवलंय. माझ्या वडिलांचं गॅरेज होतं, मी तिथेच वाढले, आणि वडील नवीन पोरांना पहिली गोष्ट हीच शिकवायचे की गिऱ्हाईक काय म्हणतंय ते पूर्ण ऐका मग बॉनेट उघडा. तुमचं नीट ऐकलं असतं तर बॉनेट उघडायची वेळही आली नसती असं मला वाटतंय. तेव्हा कुणाचं ऐकू हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा, आधी तुम्ही स्वतः जे बघितलंय त्याचा अर्थ लावू.

तुमच्या गाडीत इमोबिलायझर आहे, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारं चोरीविरोधी सिस्टिम. कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, मारुतीच्या ब्रोशरमध्ये आयकॅट्स असं जे लिहिलेलं असतं तेही हेच. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं झालं, आणि आपल्याकडच्याही बहुतेक गाड्यांत ते कंपनीतूनच येतं. काम कसं करतं ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चावीच्या काळ्या डोक्यात एक बारीकशी चिप असते, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी किंवा फार तर तुरीच्या डाळीएवढी. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलुपाभोवती प्लास्टिकच्या रिंगमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल असते, तुम्ही चावी ऑन केलीत की ती कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्या लहरींतूनच चिपला वीज मिळते आणि चिप आपला कोड परत पाठवते. हे सगळं दोन-चार सेंटिमीटरच्या अंतरात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. कोड जुळला तर ईसीएमला "चालू दे" असा निरोप जातो, नाही जुळला तर ईसीएम पेट्रोलचे इंजेक्टर किंवा स्पार्क बंद करतो. सेल्फ मात्र बऱ्याच गाड्यांमध्ये फिरत राहतो, म्हणून माणसाला वाटतं की गाडी लागतेय आणि मरतेय.

म्हणजे बघा, सेल्फ दमदार, इंजिन क्षणभर लागून बंद, आणि कुलुपाचा दिवा लुकलुकतोय, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की गाडी बिघडली असं म्हणण्याआधी गाडीने तुम्हाला ओळखलं नाही असं म्हणावं लागतं. सिस्टिम तिला नेमून दिलेलं काम करतेय. आता ओळख कुठे तुटली, चावीत की गाडीत, एवढंच शोधायचंय. (गाडी बंद करून लॉक केल्यावर डॅशबोर्डवर लाल ठिपका सावकाश मिणमिणतो ते वेगळं हं, तो पहाऱ्यावर आहे एवढंच सांगतो, त्याला घाबरू नका. इग्निशन ऑन केल्यावरही लुकलुकणारा दिवा हा काळजीचा.)

तुम्ही मनाशी धरलेल्या तीन गोष्टी मला जरा हलवून बघायच्यात.

पहिली म्हणजे रिमोट चालतो म्हणून चावी ठीक आहे. हे जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं, त्यात तुमची काहीच चूक नाही. पण एकाच कव्हरमध्ये दोन वेगळी बिऱ्हाडं राहतात असं समजा. रिमोट म्हणजे बटणं, बारीक पाटी आणि सीआर २०३२ नाहीतर सीआर २०१६ सारखा गोल सेल, त्याचं काम दरवाजे उघडणं-लावणं. चिप वेगळी, तिचं काम इंजिनाला ओळख देणं. काही चाव्यांत चिप रिमोटच्या पाटीवरच असते, पण पुष्कळ चाव्यांत ती कव्हरच्या एका खाचेत नुसती बसवलेली किंवा चिकटवलेली असते. बाजारात कव्हर बदलताना चावीवाला पातं काढतो, पाटी काढतो, बटणं दाबून बघतो, टिक टिक वाजलं की झालं काम. चिप जुन्याच कव्हरमध्ये राहून गेली असं मी कितीतरी वेळा बघितलंय. किंवा नव्या कव्हरमध्ये टाकली पण खाच बरोबर जुळत नाही, मग ती आत सैल हिंदकळत राहते, कधी कॉइलच्या समोर येते कधी वळते, आणि एखाद्या दिवशी चावी हातातून पडली की तडकते किंवा कव्हरच्या फटीतून बाहेर जाते. आता तुमचीच तारीखवार हकिकत वाचा, दोन आठवड्यांपूर्वी कव्हर बदललं, पुढच्या आठवड्यात दोनदा बंद पडून परत लागली, आणि मग कायमचीच बंद. मी गाडी बघितलेली नाही, इथे बसून ठाम निदान करणार नाही, पण माझ्या घरची गाडी असती तर मी सगळ्यात आधी चावीच हातात घेतली असती.

दुसरी गोष्ट, पुण्यातली चावी साधी आहे म्हणून उपयोगाची नाही. अहो, गाडीबरोबर कंपनीकडून आलेली दुसरी चावी असेल तर बटणं नसली तरी तिच्या काळ्या डोक्यात चिप असणारच, नाहीतर त्या चावीने गाडी कधी सुरूच झाली नसती. मिस्टरांना एवढंच विचारा, या चावीने पूर्वी कधी गाडी चालवलीय का. हो म्हणाले तर तुमच्या २८ हजारांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या टेबलाच्या खणात पडून आहे. फक्त ती बाजारातून दीडशे-दोनशे रुपयांत घासून आणलेली नुसत्या लोखंडाची डुप्लिकेट नसावी, तसल्या चावीने दरवाजा उघडतो, कुलूप फिरतं, सेल्फही लागतो, पण इंजिन चालत नाही. तशी चावी असेल तर ही परीक्षा घेऊन काहीच कळणार नाही.

तिसरी गोष्ट मेस्त्रीच्या प्रयोगाची. त्याने दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावला आणि तरीही गाडी दोन सेकंदात बंद पडली, यावरून त्याने वायरिंगपण गेलं असं म्हटलं. पण इमोबिलायझर असलेल्या गाडीत ईसीएम, इमोबिलायझर आणि चाव्या यांची एकमेकांशी गाठ मारलेली असते. परक्या गाडीचा ईसीएम तुमच्या चावीला ओळखणारच नाही, तो अगदी नवाकोरा चांगला असला तरी गाडी तशीच बंद पडेल. म्हणजे त्या प्रयोगातून ईसीएमबद्दलही काही कळलं नाही आणि वायरिंगबद्दलही नाही. मी त्या मेस्त्रीला वाईट म्हणत नाही, जुन्या गाड्यांत पार्ट बदलून बघणं हाच रस्ता होता आणि त्या रस्त्याने त्यांनी हजारो गाड्या चालू केल्यात, पण इथे तो रस्ता चालत नाही. त्यांना वाद न घालता एवढंच सांगा की मी आधी दुसरी चावी लावून बघते, तोवर काही उघडू नका. आणि तुमचाच मूळ ईसीएम परत बसवलाय ना हे डोळ्यांनी बघून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्याचा राहिला असेल तर मूळ चावीसुद्धा चालणार नाही आणि तुम्ही उगाच पुढच्या खर्चात जाल.

आता करायचं काय. शनिवारपर्यंत थांबावं लागणार आहे, पण तोवर घरी बिनखर्चाचं बरंच करता येतं.

चावी कानाजवळ धरून हलवा, आत काही खुळखुळतंय का. मग रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा आणि त्यावर कव्हर उघडा, उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक टप्प्यावर काढा. बारीक काळा किंवा काचेसारखा तुकडा दिसतोय का बघा. दिसला आणि अख्खा असेल तर तो खाचेत नीट बसवून, हलणार नाही इतपत टेप लावून परत बंद करा आणि गाडीत लावून बघा. दिसलाच नाही तर जुनं तुटकं कव्हर शोधा. तुमच्या सासऱ्यांच्या वयाची माणसं सहसा अशी वस्तू टाकत नाहीत, खिळे-स्क्रूच्या डब्यात नाहीतर खिडकीत असेल. जुन्या कव्हरमध्ये चिप सापडली तर ती हातात धरून इग्निशनच्या कुलुपाला अगदी टेकवा आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवा. दिवा विझला आणि इंजिन चालत राहिलं तर मेस्त्रीकडे जायची गरजच नाही. तसं व्हायची शक्यता तुमच्याबाबतीत थोडी कमी आहे, कारण कव्हर बदलल्यावर आठवडाभर गाडी चालली होती, म्हणजे चिप तेव्हा नव्या कव्हरमध्येच असणार. पण गाडी उभी असते त्या जागी, सीटखाली, पर्सच्या तळाशी नजर टाका. माझ्याकडे एकांची चिप पर्सच्या अस्तरात सापडली होती.

दुसरं, चावीच्या रिंगमधलं बाकी सगळं काढा. एका जुडग्यात दोन गाड्यांच्या चाव्या असल्या की दोन चिपा एकदम उत्तर देतात आणि कॉइलचा गोंधळ उडतो. सोसायटीच्या गेटचं कार्ड, जाड धातूचा गणपती, बाटली उघडायचं ओपनर हे सगळं कुलुपाच्या अगदी जवळ लोंबत असतं. पावसाळ्यात एकदा रात्री साडेदहाला घाटाच्या पायथ्याशी माझी गाडी याच कारणाने लागत नव्हती, भावाच्या गाडीची चावी मीच सकाळी माझ्या रिंगमध्ये अडकवली होती. ती काढली आणि गाडी लागली. तेव्हापासून माझी चावी एकटी असते.

तिसरं बॅटरी. तुम्ही सेल्फ दमदार फिरतो असं लिहिलंय म्हणून मला त्यावर संशय नाही, पण आठ दिवस रोज सेल्फ मारून मारून आता ती उतरली असेल. बंद गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, आणि सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली घसरत असेल तर ईसीएम आणि इमोबिलायझर दोघंही गडबडतात आणि खोटी लक्षणं दाखवतात. शनिवारच्या आधी बॅटरी चार्ज करून घ्या, नाहीतर चांगली चावी लावूनही गाडी लागली नाही तर तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. आणि कृपा करून आता सारखा सेल्फ मारू नका. धक्का मारायला पोरं गोळा करू नका, इमोबिलायझरने अडवलेली गाडी धक्क्यानेही चालत नाही, उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊ शकतं आणि तो खराब झाला तर तो खर्च ईसीएमच्या खर्चाला भारी पडू शकतो.

मग शनिवारी दुसरी चावी. इग्निशन ऑन करा, सेल्फ मारू नका, आधी फक्त दिवा बघा. दोन-चार सेकंदात विझला तर गाडीने ओळखलं. मग सुरू करा. चालली तर गाडीचं वायरिंग, कॉइल, ईसीएम सगळं शाबूत आहे आणि दोष पहिल्या चावीत आहे हे पक्कं झालं. तुमच्याकडे चालती चावी आहे, सोमवारपासून शाळेला गाडीने जा, आणि सवडीने नवी चावी करून घ्या.

समजा दुसऱ्या चावीनेही दिवा लुकलुकतच राहिला. मग दोष गाडीच्या बाजूला आहे, पण तरी लगेच ईसीएमवर उडी मारायची नाही. कुलुपाभोवतीच्या रिंगचं सॉकेट सैल झालेलं असतं, विशेषतः कुणी आधी स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं असेल तर. एखादा फ्यूज गेलेला असतो, फ्यूज बघताना मॅन्युअलमधला नकाशा बघा आणि बदललात तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घालू नका. उंदरांनी वायर कुरतडणं हे तर आपल्याकडे, खास करून उसाच्या आणि धान्याच्या गावांत, रोजचंच आहे. हे सगळं झाल्यावर स्कॅनर. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीची तपासणी करायचं सॉकेट असतं, त्याला स्कॅनर लावला की गाडी कोड सांगते. पी ०५१३ आला तर चुकीची चावी, यू ०१६७ आला तर इमोबिलायझरशी बोलणं तुटलंय, शिवाय प्रत्येक कंपनीचे आपापले कोड असतात. "ईसीएम गेलाय" असं कुणी म्हणालं तर त्यांना शांतपणे विचारा, कुठला कोड आला, मला कागदावर लिहून द्या. स्कॅन न करता ईसीएम गेला असं सांगणाऱ्याला २८ हजार देऊ नका. गावात स्कॅनर नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी टोचन करून न्या, विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर टोचनचा खर्च बहुधा त्यातच बसतो, पॉलिसीचा कागद काढून बघा.

दिरांचा सल्ला. त्यांना तुमची काळजी आहे, सहा हजारात त्रास संपतो असं त्यांना मनापासून वाटतंय. पण मी स्पष्ट सांगते, इमोबिलायझर काढू नका. कारण दोन-तीन आहेत. एक म्हणजे ईसीएमचा प्रोग्राम उघडून त्यात हात घालणारा माणूस उद्या काही बिघडलं तर सापडत नाही, आणि सर्व्हिस सेंटर अशा ईसीएमला हात लावायला नको म्हणतं. दुसरं विम्याचं. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सहसा सगळ्या मूळ चाव्या मागतात आणि गाडीत काय फेरफार केलेत तेही तपासतात. एआरएआयची (वाहनं तपासणारी पुण्यातली संस्था) मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवल्याबद्दल तुम्ही ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियमवर सवलत घेतली असेल (अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये), तर ते काढून टाकल्यावर कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही. आणि तिसरं, हे उपकरण खरंच काम करतं. अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाच्या २०११ ते २०२१ च्या काळातल्या लाखो चावीवाल्या गाड्यांत इमोबिलायझर नव्हता, आणि २०२२ च्या सुमारास पोरांनी व्हिडिओ बघून यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या चालू करून पळवल्या. शेजारच्या कॅनडात याच कंपन्यांच्या गाड्यांना ते लोण लागलं नाही, कारण तिथे २००७ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर सक्तीचा आहे. तुमची गाडी दिवसभर शाळेच्या बाहेर उघड्यावर उभी असते, तिच्यावर नजर ठेवणारी तेवढी एक वस्तू आहे.

कंपनीशिवाय बाहेरून बसवलेल्या सिस्टिमचं थोडं वेगळं असतं, ते इतर वाचकांसाठी लिहिते. गाडी घेताना शोरूममध्ये किंवा नंतर अॅक्सेसरीच्या दुकानात सायरनवाला अलार्म बसवतात, त्याचा एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) इग्निशनच्या किंवा पेट्रोलपंपाच्या वायरमध्ये घातलेला असतो. दहा वर्षांनी त्या रिलेचे जोड सुटतात, टेप वितळते, आणि चालत्या गाडीतसुद्धा इंजिन बंद पडू शकतं. कर्जावरच्या काही गाड्यांत जीपीएस बरोबर इंजिन बंद करायचा रिले असतो, त्याचंही तेच. असा जुना बाहेरचा अलार्म चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण काढून मूळ वायर नीट जोडून घेतली तर त्यात काही वावगं नाही, कंपनीचा इमोबिलायझर तसाच राहतो. ओळखायचं कसं? इग्निशन ऑन केल्यावर कंपनीचा कुलुपाचा दिवा नेहमीसारखा विझतो, तरी गाडी लागत नाही, आणि मागच्या सीटखाली पेट्रोलपंपाचा एक-दोन सेकंद येणारा घूं आवाज येत नाही, मग आधी बाहेरच्या रिलेवर संशय घ्या. आणि बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर तिथे रिमोटचा सेल उतरला तरी "की नॉट डिटेक्टेड" येतं, घाबरू नका, बहुतेक गाड्यांत स्टार्टच्या बटणालाच रिमोट टेकवून दाबलं की चालू होते, नाहीतर चावी ठेवायची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. घरी जाऊन पन्नास-साठ रुपयांचा सेल बदला.

मिस्टरांच्या विकून टाकू या म्हणण्यावर मी फार बोलत नाही, तो तुमच्या घरचा निर्णय. एवढंच, की बंद पडलेली गाडी भंगाराच्या जवळच्या भावाने जाते, आणि तीच गाडी चालू असली आणि दोन्ही चाव्या हातात असल्या की किंमत बरीच वेगळी येते. विकायचीच असेल तर आधी चालू करून विका.

नवी चावी करताना सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा आरसी, तुमचं ओळखपत्र आणि घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा, मोडलेलीसुद्धा. कारण बऱ्याच गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि समोर असतील तेवढ्याच परत नोंदवल्या जातात. नवीन गाडीबरोबर चावीच्या नंबरचा एक छोटा बिल्ला येतो, तो कागदपत्रांच्या फाइलमध्ये असेल तर काम सोपं होतं. खर्च काही हजारांत जातो, स्वस्त नाही, पण २८ हजारांच्या जवळपासही नाही. विम्यात चावीचं अॅड-ऑन घेतलेलं असेल तर काही भाग परत मिळू शकतो. आणि हो, ज्यांनी जुनी गाडी एकाच चावीवर घेतलीय त्यांनी दुसरी चावी करताना हरवलेलीची नोंद मेमरीतून काढायला आवर्जून सांगा, ती कुणाच्या हातात आहे ते आपल्याला माहीत नसतं.

आता सासऱ्यांचं. तुम्ही लिहिलंय की गाडी बंद पडल्यापासून ते जेवताना बोलत नाहीत आणि कुणी चावीचा विषय काढला की उठून जातात. ताई, मला वाटतं त्यांना संशय आलाय की आपल्यामुळे झालं आणि विचारायचं कुणाला ते कळत नाहीये. त्यांनी तुमची सोय व्हावी म्हणून उन्हातून जाऊन कव्हर बदलून आणलं होतं, आत चिप असते हे त्यांना माहीत असायचं कारणच नाही, चावीवाल्यालाही बहुधा माहीत नव्हतं. त्यांना गुन्हेगारासारखं विचारण्यापेक्षा मदतीला घ्या. बाबा, जुनं कव्हर कुठे ठेवलंय, आपण दोघं मिळून बघू या का, असं म्हणा. त्यांच्या डोळ्याला बारीक दिसत नसेल तर मोबाईलचा टॉर्च त्यांच्या हातात द्या. चावीवाल्याकडेही तेच गेले तर बरं, शक्यता कमीच, तरी त्याच्या दुकानातल्या ट्रेमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्यात एखादा काळा तुकडा अजून पडलेला असू शकतो, भांडायला नको, फक्त विचारायला.

मिस्टरांना आजच फोन करा, शनिवारी निघताना चावी विसरू नका म्हणावं, शक्य असेल तर पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर आधीच पाठवता येतेय का तेही विचारा. चावी आली की बॅटरी चार्ज आहे ना बघा, रिंगमधलं सगळं काढा, इग्निशन ऑन करा आणि दिव्याकडे बघा. विझला की नाही ते मला दोन ओळींत कळवा, नाही विझला तर स्कॅनचा कोड पाठवा, पुढचं तिथून बघू.